शिवेवरचे सोमाजी

सोमाजींना मी पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या फाटकाशी. सकाळचे सात वाजले असतील. मी व्हरांड्यात चहा घेत होते. फाटकाबाहेर एक काटक, उन्हानं रापलेला माणूस उभा होता. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पिंडऱ्यांना ओला चिखल, आणि हातातल्या काळ्या पिशवीतून पाणी गळत होतं. मासे विकायला आला असेल, असं समजून मी बसल्या जागेवरूनच सांगितलं की आज सोमवार आहे, आज नको.

"इकाले नाई आलो बाई," तो म्हणाला. "तुमची वस्तू वापस द्याले आलो."

मुलांनो, मी उठून जवळ गेले. पिशवी खरोखरच माझी होती. वर दोन गाठी, मी नेहमी मारते तशा, घट्ट. त्यानं ती बाजूनं फाडली होती. आत चहाचा चोथा, केळ्यांची सालं, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि हे सगळं इंग्रजी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. आपल्या गावात इंग्रजी पेपर एकाच घरी येतो, तोही एक दिवस शिळा. नाकारायला जागाच नव्हती. तरी मी रागानं म्हटलं की ही पिशवी मी गुरुवारी गावाच्या ट्रॉलीत टाकली होती, नीट बांधून.

"नीट बांधली मून त तरंगत आली," तो म्हणाला. "सुटी असती त अर्ध्याची आतापावेतो माती झाली असती."

त्यानं पिशवी फाटकाच्या आत, भिंतीला टेकवून ठेवली. फेकली नाही, कुणाची हरवलेली वस्तू आणून ठेवावी तशी ठेवली. नळावर हात धुतले आणि पुढच्या घराकडे गेला. त्याच्या खांद्यावरच्या पोत्यात अजून चार-पाच पिशव्या होत्या. मी पस्तीस वर्षं नागपूरला इंग्रजी शिकवलं. मुलांच्या वह्या लाल शाईनं तपासून परत दिल्या. माझी चूक अशी कुणी घरी आणून परत दिली नव्हती.

तुम्ही लहान असताना आला होतात तेव्हा गावामागचा तलाव पाहिला आहे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर बसून शिंगाडे खाल्ले होते, कदाचित आठवत असेल. त्या पाळीच्या टोकाला, जिथे गाव संपतं आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं सुरू होतात, तिथे सोमाजींचं घर. जातीनं ढीवर, म्हणजे तलाव-नदीत मासेमारी करणारे. वय साठीच्या पुढे. तलाव ढीवरांच्या संस्थेकडे होता, पण संस्थेतली तरुण माणसं कामासाठी नागपूर-रायपूरकडे निघून गेली होती. उरलेली चार-पाच म्हातारी माणसं मिळून तलाव सांभाळत. त्यांतही रोज पहाटे डोंगा पाण्यात घालणारे सोमाजीच.

गावाची ट्रॉली आठवड्यातून दोनदा कचरा गोळा करायची. त्यासाठी जागा मिळेपर्यंत, तात्पुरता, तो पाळीमागे ओतला जायचा. हे तात्पुरतं मी गावी राहायला येण्याच्या आधीपासून चालू होतं. वारा आला, पाऊस आला की पिशव्या पाळ ओलांडून पाण्यात यायच्या. सोमाजी आधी त्या काढायचे, मग जाळं टाकायचे. काढलेल्या पिशव्या पाळीवर उघडायचे, आतलं बघून घर ओळखायचे आणि ज्याची त्याला नेऊन द्यायचे. कुणाशी भांडण नाही, आवाज चढवणं नाही. त्यांना कुणी विचारलंच तर म्हणायचे, "फेकलं म्हंते लोक. कुठं फेकलं, ते कोनी सांगत नाई."

घर ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. औषधाच्या पाकिटावरून, मिठाईच्या खोक्यावरून, बिडीच्या बंडलावरून, फाटक्या वहीतल्या अक्षरावरून ते अचूक दारात येत. शेजारच्या विमलबाई कोष्ट्यांच्या घरातल्या. त्यांच्याकडे पूर्वी माग होते, आता साड्यांचं दुकान आहे. त्यांच्या दारी सोमाजी साड्यांच्या पन्न्यांचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा भाराच घेऊन यायचे. विमलबाई कंबरेवर हात ठेवून म्हणायच्या, "काहो डाकवाले, आज मनिऑर्डर नाई आणली का?"

"ते बी आणतो बाई," सोमाजी म्हणायचे. "तलावात टाकून त पाहा."

गावानं त्यांचं नाव डाकवाला ठेवलं होतं. काही लोक फाटकाच्या आतूनच शिव्या द्यायचे, एकानं त्यांच्या अंगावर पाणी ओतलं होतं. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. भजनी मंडळातल्या एका प्रतिष्ठित गृहस्थांच्या दारूच्या बाटल्या तलावात निघायच्या. त्या सोमाजी पोत्यात गुंडाळून मागच्या दारी नेऊन द्यायचे, तेही ते गृहस्थ एकटे असताना. मी विचारलं तेव्हा त्यांनी नाव सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बाटली कचरा होय. माणसाची इज्जत कचरा होय काय?"

दुसऱ्यांदा माझी पिशवी परत आली तेव्हा मी त्यांना आत बोलावलं. खुर्चीवर बसा म्हटलं तर ते पायरीवर बसले. मी विचारलं की मग करायचं काय, ते मला शिकवा. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. थट्टा तर नाही ना, हे तपासत असावेत. मग मागच्या अंगणात गेले आणि पपईच्या झाडापाशी पायानं रेघ ओढून खड्ड्याची जागा दाखवली. ओलं यात, वरून मूठभर माती, पालापाचोळा. "पोरायले पांघरून घालता ना, तसं घाला. थंडीत थोडं जास्त." पन्न्या धुऊन, वाळवून वेगळ्या. काच वेगळी, डब्यात, झाकण लावून. लोखंड, कागद भंगारवाल्याला. त्यांच्या लहानपणी घरात कचऱ्याची टोपली हा प्रकारच नव्हता, असं त्यांनी सांगितलं. उष्टं बकरीला, राख भांड्यांना, चिंधी चुलीला किंवा जाळ्याच्या दुरुस्तीला. काही उरायचंच नाही.

त्यानंतर दर सोमवारी ते माझा खड्डा बघायला यायचे. काठीनं उकरायचे, वास घ्यायचे. एकदा त्यात दुधाची पन्नी निघाली. माझ्यासमोर ती त्यांनी दोन बोटांत धरली. तुमची आजी त्या दिवशी शाळेतल्या मुलीसारखी खाली मान घालून उभी होती. ज्या सोमवारी सगळं ठीक असायचं, त्या सोमवारी ते "बराबर" म्हणायचे. मी त्या एका शब्दाची वाट पाहायला लागले.

मला काम अर्धं ठेवता येत नाही, हे तुमच्या आईला विचारा. मी आळीतल्या बायकांना गोळा केलं, खड्डे खणवले, फळ्यावर लिहून समजावलं. विमलबाईंनी आधी नाक मुरडलं, मग त्याच सगळ्यांत कडक झाल्या. दुसऱ्यांच्या घरात जाऊन टोपल्या तपासू लागल्या. ट्रॉलीची जागा बदलावी म्हणून मी अर्ज लिहिले, स्मरणपत्रं लिहिली, त्यांची फाईल केली. त्यातून काही झालं नाही. सोमाजींना मी एक अर्ज वाचून दाखवला तर ते म्हणाले, "चांगला लिवला. पण कागद त तलावात बी खूप हायेत बाई." तरीही वर्षभरात आपल्या आळीतून पिशव्या येणं जवळजवळ थांबलं. तलावाच्या आपल्या बाजूचं पाणी पुन्हा दिसायला लागलं.

त्या वर्षी संस्थेनं जीव लावून तलावात मासोळीचं बी सोडलं. रोहू, कतला. एका बाजूला शिंगाड्याचे वेल. सोमाजींनी मला स्पष्ट सांगितलं होतं की यंदाचा तलाव साधला तर संस्था टिकेल, नाही तर बाकीचे म्हातारे हात वर करणार आणि तलाव सुटणार. तलाव सुटला तर ते आणि त्यांची बायको पंचफुला जाणार कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पावसाळ्यात ते मला मुद्दाम पाळीवर घेऊन गेले. पाण्यात बारीक बारीक वर्तुळं उठत होती. "पाहा, चरून राहिले," ते म्हणाले, आणि असे हसले की मला त्यांचे सगळे दात पहिल्यांदा दिसले.

आता मी जे केलं ते सांगते.

खड्ड्यात न कुजणारं आणि भंगारवालाही न घेणारं असं बरंच घराघरांत साठत चाललं होतं. जुन्या औषधांच्या बाटल्या, सेल, फुटक्या ट्यूबलाइट, आणि मुख्य म्हणजे धानावर फवारायच्या औषधाचे डबे. ते कुठे तळाशी, कुठे अर्धे भरलेले. लोक ते गोठ्यात, न्हाणीमागे ठेवून द्यायचे. सोमाजींचं मत होतं की ते तिथेच राहू द्यावं. "ते जिथं जाईन तिथं मारते बाई. ज्यानं आणलं त्याच्या डोळ्यासमोर राहू द्या. दिसलं त पुढच्या टायमाले कमी आनन." मला हे उत्तर वाटलं नाही. माझ्या यादीत ती एकच ओळ शिल्लक होती आणि ती मला खुपत होती.

तेव्हा पोळा जवळ आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला इथे पाडवा म्हणतात, आपल्याकडे मारबत असते. घरातला रोग, दारिद्र्य, डास, ढेकूण, जे जे नकोसं, ते मारबतीनं घेऊन जावं म्हणून लोक फुटकी मडकी, झिजलेले झाडू, दाराला खोचलेल्या पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडतात, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत." मी नागपूरची. तिथे मारबतीच्या पुतळ्याची मोठी मिरवणूक निघते, भर दिवसा, गर्दीत, आणि शेवटी तो जाळतात. मला माहीत होती ती मारबत एवढीच. मला वाटलं, घरातलं नकोसं बाहेर काढायचा दिवस लोकांनी स्वतःच ठरवून ठेवला आहे. आपण फक्त त्याला वळण द्यायचं. मी पत्रक लिहिलं, तुमसरहून छापून आणलं. मारबतीच्या दिवशी सकाळी प्रत्येकानं घरातले औषधांचे डबे, बाटल्या, सेल, ट्यूबलाइट शाळेच्या मैदानावर आणावेत. नऊ वाजता तुमसरच्या एका भंगारवाल्याची गाडी येईल आणि हे सगळं जिथे रीतसर नष्ट करतात तिथे पोचवेल. मी त्याला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा तो हो म्हणाला होता.

सोमाजींनी पत्रक हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, मारबतीचा माल थांबत नसते."

मी म्हटलं, थांबणारच नाही, नऊला गाडी आहे.

"पाडव्याच्या दिशी कोन गाडी हाकलन? डायवर बी कोनाचा त पोरगा असन."

मी म्हटलं की तो धंदेवाला माणूस आहे, शब्द दिलाय. त्यावर ते गप्प बसले. छापलेल्या कागदाशी वाद घालणारा तो माणूस नव्हता. मला वाटलं, पटलं. पस्तीस वर्षं वर्गात काढून गप्प बसणं आणि पटणं यातला फरक मला कळायला हवा होता.

त्या सकाळी मी साडेसातला हातमोजे आणि वही घेऊन मैदानावर पोचले. मैदान रिकामं होतं. गवत दबलेलं, जागोजागी चाकांच्या खुणा, एका कोपऱ्यात ट्यूबलाइटची चुरा झालेली काच. मला आनंद झाला, मुलांनो. हे लिहायला लाज वाटते, पण मला खरोखर आनंद झाला. मला वाटलं, गाडी लवकर येऊन गेली.

विमलबाई समोरून येत होत्या, हातपाय धुतलेले, पदर डोक्यावर. म्हणाल्या, "गेलं बाई सारं. तुमचं भलं होवो. एवढी मोठी मारबत या गावानं पाहिली नोयती."

त्यांच्याकडून मला कळलं. लोकांनी पत्रक मानलं होतं. पहाटेच सगळं मैदानावर आणलं होतं, बैलबंड्या भरून. पण इथली मारबत उजाडायच्या आत शीव ओलांडते. इडा पिडा एकदा घराबाहेर काढली की तिच्यावर गावात ऊन पडता कामा नये. पडलं तर ती परत फिरते. तांबडं फुटायला लागलं, गाडीचा पत्ता नाही. म्हाताऱ्या बायका घाबरल्या. मग कुणीतरी बंड्या पुन्हा भरल्या आणि सगळा गाव ओरडत, घाईघाईनं शिवेकडे पळाला. शीव म्हणजे तलावाची पाळ. तिथून सगळं खाली ढकललं, मागे वळून न बघता परत आले, हातपाय धुतले. मी कुणाला विचारलंच नव्हतं की तुमच्याकडे हे किती वाजता करतात.

गाडी आलीच नाही. भंगारवाल्यानं दुपारी फोन उचलला आणि हसून सांगितलं की ड्रायव्हर पाडव्याचा पिऊन पडला आहे, उद्या बघू.

उद्या पाऊस आला. चार दिवस लागून राहिला. पाळीचा उतार धुपला आणि फुटलेले डबे, सुटलेली बुचं, सगळं पाण्यात उतरलं. पाचव्या दिवशी ऊन पडलं तेव्हा मी तलावावर गेले. पाणी दिसत नव्हतं. पांढरी पोटं दिसत होती, या काठापासून त्या काठापर्यंत. सोमाजी डोंग्यात बसून होते. ते मासे काढत नव्हते. वल्हं मांडीवर आडवं ठेवून नुसते बसले होते आणि डोंगा वाऱ्यानं जाईल तिकडे जात होता. पंचफुला पाळीवर उभी राहून त्यांना हाका मारत होती. मी तिच्या शेजारी उभी राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी ते काठाला आले. मी माफी मागितली. इंग्रजीत मला ती चांगली मागता आली असती. मराठीत एकच वाक्य झालं आणि तेही पुरं झालं नाही. सोमाजी म्हणाले, "तुमी वाईट कराले नोयतं केलं." आणि थोड्या वेळानं, "बी एवढं एवढं होतं बाई." बोटाचं पेर दाखवलं.

संस्थेतल्या बाकीच्यांनी तिथेच तलावाला हात जोडले आणि तलाव सोडून दिला. पण डबे अजून उतारावर होते, पुढचा पाऊस आला की तेही पाण्यात जाणार होते. मी म्हटलं की तुम्ही नेहमी परत नेऊन देता, तसं हेही ज्याचं त्याला नेऊन देऊ, मी तुमच्याबरोबर येते. त्यांनी मान हलवली.

"हे वापस नाई नेता येत. मारबतीनं नेलेलं कोनाच्या दारी नेलं, त त्याची इडा पिडा त्याच्या घरात नेऊन घातली. मले मारतीन लोक. अन् बराबर करतीन. मी बी मारलं असतं."

ज्या माणसानं गावाची प्रत्येक वस्तू गावाला परत दिली, त्याच्यापाशी हे एवढं येऊन अडकलं होतं. त्याच्या घराच्या पलीकडे गाव नव्हतंच. गावाला नकोसं झालेलं सगळं त्याच्या दाराशी येऊन संपत होतं. मी म्हटलं, मग माझ्याकडे आणा. सगळ्यांचं. माझं अंगण मोठं आहे, मी ड्रम आणते, झाकणं लावून ठेवू, पुढे काय करायचं ते मी बघीन.

त्यांनी पाण्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "तुमचे नातू-नाती हायेत ना?"

मी हो म्हटलं.

"पुऱ्या गावाची होय बाई. तुमच्यावर येईन. तुमचं वय झालं, तुमाले सोडून त्यायच्यावर जाईन."

मी म्हटलं की मी असलं काही मानत नाही. ते म्हणाले, "तुमी नाई मानत. पण मले त नेता आलं पायजे ना." मग त्यांनी तुमची नावं विचारली. मी सांगितली.

नऊ दिवस सोमाजी ओझी वाहत होते. संस्थेचं कुणी आलं नाही, गावातलं कुणी त्या मालाला हात लावणं शक्यच नव्हतं. मी बंडी करून देते म्हटलं तर बंडीवालाही तयार झाला नाही. पोत्यात घालून, पाठीवर घेऊन, गावाच्या बाहेरून वळसा मारून ते यायचे, म्हणजे कुणाच्या दारावरून जायला नको. मी हातमोजे दिले. ते दुसऱ्या दिवशी फाटले. पुन्हा दिले, तर डबे निसटतात म्हणून त्यांनी काढून ठेवले. पाठीवर गळलेल्या औषधाचे चट्टे उठले होते. मी साबण द्यायचे, पाणी द्यायचे, डॉक्टरकडे चला म्हणायचे. त्यांचं एकच उत्तर: "पाऊस याच्या आधी होऊ द्या."

आणि प्रत्येक खेपेला, फाटकात पाय ठेवायच्या आधी, ते थांबायचे. पोतं पाठीवर तसंच. डोळे मिटून, रोज बोलायच्या आवाजात म्हणायचे, "ईशानवर नाई. तन्वीवर नाई. सोमाजीवर." मग आत येऊन ड्रमपाशी पोतं उतरवायचे. दिवसातून पाच खेपा, कधी सहा.

दहाव्या दिवशी उतार साफ झाला. सोमाजी पायरीवर बसून चहा प्याले, रिकाम्या पोत्याची घडी केली आणि गेले. त्यानंतर महिनाभर ते मला दोन-तीनदाच दिसले, डोंगा पालथा घालून त्याच्या सावलीला बसलेले. तलावात जाळं टाकण्यात अर्थ नव्हता, काढायला काही नव्हतं. पिशव्या पुन्हा येऊ लागल्या होत्या, पण त्यांनी पाण्यात उतरणं सोडलं होतं. दिवाळीच्या आधी त्यांना कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, यकृत गेलं आहे, बहुधा बऱ्याच दिवसांपासूनचं असावं. कशानं, हे त्यांना खात्रीनं सांगता येईना. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सोमाजी गेले. गावात कुणालाच कारणाबद्दल शंका नव्हती. विमलबाई हळू आवाजात म्हणाल्या की त्यांना मारबत लागली.

ड्रम अजून अंगणात आहेत. मी प्रत्येकावर आत काय आहे ते लिहून ठेवलं आहे. ते नेणारं कुणी मला अजून सापडलेलं नाही. पत्रं लिहिणं चालू आहे. हे घर पुढे तुमचं होईल, तेव्हा ते ड्रम तिथे असले तर कुणाचे, कसे आले, हे तुम्हांला ठाऊक असावं.

तेराव्यानंतर पंचफुला आली. माहेरी बपेऱ्याला भावाकडे राहायला निघाली होती, हातात एक गाठोडं होतं. ती आत आली नाही, फाटकाशीच उभी राहिली. म्हणाली, "बाई, ते खेपेखेपेले अथी थांबून काईतरी बोलत होते म्हंते. विमलबाईनं आयकलं. काय बोलत होते?"

मी तिला सांगितलं. शब्दाला शब्द, तुमच्या नावांसकट. तिनं ड्रमांकडे पाहिलं.

"अन् तुमी आयकून घेतलं?"

तिला देता येण्यासारखी उत्तरं माझ्यापाशी होती. मी असलं काही मानत नाही, हे एक. ते त्यांचे शब्द होते, त्यांच्या समाधानासाठी, हे दुसरं. डॉक्टर काय म्हणाले, हे तिसरं. तिन्ही खरी आहेत. पण नऊ दिवस मी व्हरांड्यात उभी राहून प्रत्येक खेपेला ती तीन वाक्यं ऐकली होती, आणि तुमची नावं सुटून त्यांचं नाव आलं की दर वेळी माझा श्वास मोकळा झाला होता. एकदाही मी त्यांना थांबवलं नाही.

"हो, पंचफुला," मी म्हटलं. "ऐकून घेतलं."